आठ पॉइंट सात

अक्षर लागलं नाही तर दोष माझा, वाचणाऱ्याचा नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे तेव्हाही नीट कळलं नव्हतं, नंतर विचारायला कुणी उरलं नाही. हातही काच धुवायला वळलेला, पेन धरायला नाही. ओळ एका रेघेवर सुरू होऊन दुसऱ्या रेघेवर संपते, तेवढं सांभाळून घ्यावं. कोण सांभाळून घेणार ते माहीत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. वही मुलांच्या प्रॅक्टिकलची आहे, उरलेली. एक पान कोरं, एक रेघांचं. कोऱ्या पानावर मुलं आकृती काढतात. मला आकृत्या येत नाहीत, म्हणून ती पानं तशीच सोडते आहे.

मला चारचौघांत बोलता येत नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर ते जाईपर्यंत मी बाजूला उभी राहते. नवरा होता तोवर घरासाठी तो बोलायचा, तो गेल्यावर थोरल्या जाऊबाई बोलतात. पण न बोलणाऱ्यालाही राग येतो. हा तीन वर्षांचा आहे, तो लिहून काढते.

विज्ञानाच्या विशेष तुकडीच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काच धुतली. मानधनावर. कागदावर मदतनीस, बोलण्यात मावशी. शाळा सरकारी. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या मधे कुठंतरी आहे इतकं पुरे, नाव लिहीत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांतून परीक्षा घेऊन दरसाल चाळीस मुलं निवडायची. नववीला आत, बारावीला बाहेर. राहणं-जेवण फुकट. गणित आणि विज्ञान मात्र इतर शाळांच्या दोन वर्षं पुढचं, दहावीच्या मुलांच्या हातात बारावीचे प्रयोग. ऊसवाल्यांची, भाजीवाल्यांची, डाळिंबवाल्यांची पोरं. आली की आठ दिवस घरची आठवण काढून रडायची, आणि नवव्या दिवसापासून फळ्यावरच्या गणितावरून भांडायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते भांडण ऐकायला बरं वाटायचं.

काच धुणं म्हणजे काय ते बाहेरच्याला पटत नाही. घरातलं भांडं हाताला चिकट लागलं नाही की धुतलं गेलं. प्रयोगशाळेत तसं नाही. पहिल्या दिवशी मी दोनशे परीक्षानळ्या घासून लख्ख केल्या आणि मनात म्हटलं, आपलं काम पाहून साहेब खूष होतील. रसायनाचे अत्तार सर आले. त्यांनी एक नळी उचलली, पाण्याने भरली, उपडी केली आणि उजेडाला धरली. आत चार थेंब चिकटून राहिले होते.

“हे दिसत्यात का?” ते म्हणाले. सर आमच्याकडचेच, वर्गात पुस्तकातलं बोलायचे आणि माझ्याशी घरातलं.

मी मान हलवली.

“थेंब जितं थांबला तितं मळ हाय. स्वच्छ काचेवर पाणी थेंब धरत न्हाय, पदर सोडल्यासारखं एकसारखं खाली जातं. आता परत धुवा.”

दोनशेच्या दोनशे परत धुतल्या. त्या दिवशी मला रडू आलं होतं, आज सांगते की त्या माणसाइतका मान मला कुणी दिला नाही. मला पुन्हा करायला लावलं, कारण मला ते येईल असं त्यांना वाटलं.

मग शिकत गेले. जांभळ्या द्रावणाचा तपकिरी डाग कशाने जातो, तेलकट काचेला काय लावायचं, ब्रश तळाला आपटून नळी कशी फुटते. तीन वेळा नळाच्या पाण्याने विसळायचं आणि शेवटी दोन वेळा डिस्टिल्ड पाण्याने. आमच्या शाळेला बोअरचं पाणी. खारं आणि जड. त्यात डाळ शिजत नाही, तांब्याच्या तळाला पांढरं पुट धरतं. डिस्टिल्ड म्हणजे पाण्याची वाफ करून तिचं परत पाणी केलेलं. त्यात पाण्याशिवाय काही नसतं.

“मावशी, पाण्यात मीठ हाय का न्हाय हे जिभेनं वळखायचं न्हाय,” अत्तार सर म्हणाले होते. “हितली कुठलीच गोष्ट जिभेला लावायची न्हाय. ही बाटली बघा.” तपकिरी काचेची लहान बाटली, सिल्व्हर नायट्रेटची. चांदीपासून केलेलं असतं म्हणून महाग, आणि उजेडानं खराब होतं म्हणून तपकिरी बाटली. डिस्टिल्ड पाण्यात त्याचा थेंब टाकला तर काही होत नाही. बोअरच्या पाण्यात टाकला की दुधासारखं पांढरं. बोटाला लागलं तर बोट काळं पडतं आणि आठ दिवस जात नाही. गावात बायका विचारायच्या, शालन, बोटाला काय झालंय. मी पदरात हात लपवायची. सांगायला लागलं असतं तर तासभर गेला असता.

ऋतुजा आली तो दिवस सगळ्या शाळेच्या लक्षात आहे. कऱ्हाटीची मुलगी. बाप सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. लेकीला सोडायला तो ट्रॅक्टरच घेऊन आला, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पेटीवर मुलगी बसलेली. आमचा गेटवरचा शिपाई फाटक उघडेना.

“ओ तात्या, वजनकाटा फुडं हाय. ही शाळा हाय.”

“मला बी वाचता येतंय. शाळेतच आलोय. वजन करायचं आसंल तर पोरीचं करा, हुशारीचं.”

“आन् ट्रॉल्या?”

“ट्रॉल्या न्हाय शिकायच्या. त्या बाहीर ऱ्हात्याल.”

मी आवारात उन्हात ट्रे ठेवत होते. फॉर्म भरून झाल्यावर तात्या माझ्याजवळ आले. मी त्यांना शाळेतली कुणी मोठी बाई वाटले असणार. हळूच म्हणाले, “बाई, एक खरं सांगा. पोरगी खरंच हुशार हाय, का यादीत चुकून नाव आलंय?”

मी हसले आणि ट्रे उचलून आत गेले. नंतर फार वाटलं की निदान ‘हाय’ एवढं तरी म्हणायला हवं होतं.

हुशार होती का ते महिन्याभरात कळलं. पाणी किती अंशाला उकळतं ते मुलांनी थर्मामीटर लावून पाहायचं होतं. नववीचा साधा प्रयोग. सगळ्यांनी शंभर लिहिलं. ऋतुजानं अठ्ठ्याण्णव लिहिलं. शेजारची पोरं हसायला लागली.

“अगं पुस्तकात शंभर आहे.”

“पुस्तकात आसंल. माझ्या फ्लास्कात अठ्ठ्याण्णवच्या वर जात न्हाय.”

अत्तार सरांनी तिचा थर्मामीटर बदलून पाहिला. अठ्ठ्याण्णवच. मग ते वर्गाकडं वळून म्हणाले, “आपलं गाव समुद्राच्या बरंच वर आहे. जितकं उंच जाल तितकं पाणी लवकर उकळतं. इथं अठ्ठ्याण्णवच यायला हवं. तुम्ही सगळ्यांनी पुस्तकात बघून लिहिलंत, हिनं पाण्यात बघून.” मी कोपऱ्यात बेसिनजवळ होते. मुलगी लाजली नाही की फुलली नाही. तिनं वहीत अठ्ठ्याण्णवच्या खाली एक रेघ मारली, बस.

त्यानंतर ती मधल्या सुट्टीत बेसिनच्या कट्ट्यावर येऊन बसायची. थेंबाची गोष्ट मी तिला सांगितली. मी कुणाला काही शिकवलं असेल तर एवढंच. ती नळी उजेडाला धरून म्हणायची, “मावशी, ही नापास.” आणि मी ती परत धुवायची.

अत्तार सर त्याच साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले त्यांना सगळे प्रमुख सर म्हणत, मीही तेच लिहिते. माणूस टापटीप. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलायला गोड. त्यांना काचेपेक्षा काचेच्या कपाटाचं वेड. वरून पैसे आले त्यातून एक रोबोट घेतला, गुडघ्याएवढा. मुलांनी हात लावला तर बिघडेल म्हणून त्याला दिव्यांचं काचेचं कपाट केलं. पाहुणे आले की कपाट उघडायचं, रोबोट हात जोडून नमस्कार करायचा, पाहुणे टाळ्या वाजवायचे, फोटो व्हायचा, कपाट बंद. तुकडीतल्या चाळीस पोरांपैकी एकाही पोरानं तो आतून उघडून पाहिला नाही. धूळ मात्र मी पुसायची, आठवड्यातून दोनदा.

पाणी डिस्टिल्ड करायचं यंत्र होतं, त्याच्या आतल्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचं पुट चढून ती जळाली. दुरुस्तीचा कागद दोन वेळा गेला आणि दोन वेळा परत आला. मग बाहेरून कॅन विकत आणायचं ठरलं. काही महिने आणले. मग त्या पैशांत कपाटाचे दिवे बसले.

दहावीच्या शेवटी तुकडीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. बाहेरून परीक्षक येतात. तिच्यात नापास झालेल्या मुलाला अकरावीला तुकडीत जागा नाही, आणि वसतिगृहही सोडायचं. ज्याला बारामतीच्या कॉलेजात घालून तिथं खोली घेऊन ठेवता येते त्याला काही वाटत नाही. ऋतुजाच्या बापाला ते जमणारं नव्हतं. घरून जाऊन यायचं तर सकाळची एसटी प्रात्यक्षिकांच्या वेळेला पोचत नाही. तिचं विज्ञान संपलं असतं, इतकं साधं होतं ते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. “मावशी, कॅन रिकामे आहेत ना? बोअरच्या नळाचं भरून ठेवा.”

मी उभी राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

“पाणी ते पाणी. मुलं पिणार आहेत का? लेबल काढू नका फक्त.”

मला माहीत होतं. नऊ वर्षं मी तेच एक शिकले होते, की पाणी ते पाणी नसतं. एक वाक्य बोलायचं होतं, सर, हे पाणी चालायचं नाही. जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मी चार कॅन भरले. या हातांनी. माझा सगळा राग सरांवर नाही, त्यातला मोठा वाटा मी माझ्यासाठी बाजूला ठेवला आहे.

परीक्षेत काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक मुलानं एक पांढरी भुकटी तोलून घ्यायची आणि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून आपलं द्रावण करायचं. त्यातलं मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं. वर उभी काचेची लांब नळी, ब्युरेट, तिच्यावर आकडे, खाली तोटी. तिच्यात जांभळं द्रावण, ते आठवड्यापूर्वी कॅनमधल्या शेवटच्या चांगल्या पाण्यात केलेलं होतं. तोटीतून थेंब-थेंब फ्लास्कमध्ये सोडायचे. जांभळा रंग पडतो आणि जातो, पडतो आणि जातो, आणि एका थेंबाला फिका गुलाबी होऊन टिकतो. तिथं थांबायचं. वरून किती उतरलं तो आकडा म्हणजे रीडिंग. तीनदा करायचं, दर वेळी ब्युरेट वरपर्यंत भरून. सगळं नीट असलं तर त्या दिवशी दहाच्या आसपास यायला हवं होतं.

हे मला कसं कळलं? सर टेबलांमधून फिरताना म्हणत होते म्हणून. “दहाच्या आसपास आलं पाहिजे हं. नाही आलं तर जुळवून घ्या.”

जुळवून घेणं ही आमच्या प्रयोगशाळेची रीत झाली होती. आलेला आकडा पेन्सिलीनं लिहायचा, यायला हवा तो पेननं लिहायचा आणि पेन्सिल खोडायची. मुलं इतकी तरबेज झाली होती की तीन आकडे तीन तऱ्हेचे लिहायची, नऊ पॉइंट नऊ, दहा, दहा पॉइंट एक, म्हणजे खरे वाटतात.

सकाळी पहिल्या वीस मुलांची परीक्षा झाली आणि मी त्यांच्या ब्युरेट रिकाम्या करायला घेतल्या. ब्युरेट धुणारी बाई शेवटचा आकडा पाहतेच, पाहायचा नसला तरी. एकीत जांभळं आठ आणि नऊच्या मधे थांबलेलं. दुसरीतही तिथंच. पाचवीत, दहावीत, सोळावीत तिथंच. दहावर एकही नव्हती. मग मी भुकटी विरघळवलेल्या फ्लास्ककडं पाहिलं. भुकटी विरघळून पाणी आरपार दिसायला हवं. तळाला पांढरा गाळ बसला होता. ती भुकटी पाण्यातल्या चुन्याला धरून खाली बसली होती, म्हणून वर कमी उरली होती आणि रीडिंग कमी येत होतं. हे एवढं नीट मला नंतर कळलं. तेव्हा फक्त इतकं कळलं की हा गाळ माझ्या कॅनमधून आलाय.

दुपारी दुसरी वीस मुलं, त्यात ऋतुजा. परीक्षा संपली, मुलं बाहेर गेली. मी बेसिनजवळ. परीक्षक मॅडम पुण्याकडून आलेल्या, वयानं मोठ्या, टेबलाशी पेपर पाहत होत्या. सरांनी एक पेपर वर काढून ठेवला.

“ही एकच मुलगी आहे मॅडम. गणितात बरी आहे, पण हाताला वळण नाही. तिन्ही वेळा आठ पॉइंट सात. नापासच करावं लागेल.”

मॅडमनी तिला बोलावलं.

“तीनही वेळा सारखंच आलं?”

“व्हय मॅडम.”

“इतर सगळ्यांचं दहा आहे. तुझं का चुकलं असेल?”

“चुकलं न्हाय मॅडम. आलं तेच लिवलंय.”

सर हसले. “बाळ, शेजारी बघायचं. एकोणचाळीस जण वेडे आहेत का?”

“शेजारच्याचं बी आठ पॉइंट सहाच हुतं,” ती म्हणाली. मग शेजारच्याचं नाव सांगावं लागेल असं लक्षात आल्यावर गप्प झाली आणि माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मदत मागत नव्हती. कट्ट्यावर बसून नळी दाखवायची ना, तसं पाहिलं. ही नापास.

“मावशी, ब्युरेट धुवायला घ्या,” सर म्हणाले. त्यांना गाडी वेळेवर काढायची होती.

मी घेतल्या नाहीत. हात पुसले. रसायनांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. तपकिरी बाटली काढली. दोन स्वच्छ परीक्षानळ्या घेतल्या. यंत्र चालू असताना काढलेलं चांगलं पाणी एका छोट्या बाटलीत तळाला उरलं होतं, ते एका नळीत घेतलं. दुसरीत लेबल लावलेल्या कॅनमधलं. दोन्ही मॅडमच्या पुढं स्टँडमध्ये ठेवल्या. एक थेंब पहिल्या नळीत, काही झालं नाही. एक थेंब दुसरीत. ताक घुसळल्यासारखं पांढरं झालं.

मी रांगेतल्या ब्युरेटकडं बोट दाखवलं. मॅडम उठल्या. चष्मा वर करून त्यांनी एकेक ब्युरेट पाहिली, वीसच्या वीस, मग फ्लास्कचा तळ पाहिला आणि शेवटी कॅन.

“हे पाणी कुणी भरलं?” त्या म्हणाल्या.

मी छातीला हात लावला. मी भरलं, एवढं त्यांना कळलं. कुणी भरायला सांगितलं, ते मला बोलायचं होतं, आणि ते निघालं नाही.

“अशिक्षित बाई आहे मॅडम,” सर म्हणाले. “घोळ करून ठेवते.”

ऋतुजाला बाहेर थांबायला सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही, बेसिनजवळच्या बाईला कुणी गणतीत धरत नाही. म्हणून मी सगळं ऐकलं. मॅडम म्हणत होत्या, खरं तर एकोणचाळीस पेपर बाद होतात. सर म्हणत होते, एकोणचाळीस मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, आणि वर कळलं तर तुकडीच बंद होईल, बारामती-इंदापूरच्या गरीब मुलांचं नुकसान. चहा आला. चहाबरोबर मॅडमचा आवाज खाली आला. सरांना काय म्हणायचं, त्यांना पाण्यातला फरक कळतच नव्हता. मॅडमना सगळं कळलं होतं. वीस ब्युरेट वाचून, कळून, त्यांनी चहा प्यायला. त्यांचा राग मला जास्त येतो.

ऋतुजाला परत आत बोलावलं.

“तुला पाच कृपागुण देऊन पास केलं आहे,” मॅडम कागदाकडं पाहत म्हणाल्या. “पुढच्या वेळी काळजी घे.”

“कृपा कशाची मॅडम?”

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. सर म्हणाले, “जागा राहिली ना तुझी? थँक्यू म्हण.”

ती थँक्यू म्हणाली नाही. तिनं परत विचारलं, “माजं रीडिंग बरुबर हुतं का न्हाय, तेवढं सांगा.”

“जा आता,” मॅडम म्हणाल्या.

चाळीस हुशार मुलं वेचून आणली होती आम्ही दोन तालुक्यांतून. त्यांना खोटं लिहायला शिकवलं, आणि जिला ते जमलं नाही तिला भीक घातली. ती वेगळी आली म्हणून तिच्यावर कृपा. जे चुकीचं लिहून बसले त्यांना कृपेची गरज पडली नाही. मला चौथीचं गणित येतं, पण हा हिशेब लागत नाही.

पुढच्या सोमवारी सरांनी मला कागद दिला. सिल्व्हर नायट्रेटची बाटली मदतनीस बाईंनी परवानगीवाचून उघडून उजेडात ठेवल्यामुळे निकामी झाली, सबब तिची किंमत चार हजार दोनशे रुपये मानधनातून सहा हप्त्यांत वसूल करण्यात येईल. बाटली दोन मिनिटं बाहेर होती, आणि तपकिरी काच कशासाठी असते हे मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. मी कागद वाचला. मला वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावून शेवटपर्यंत वाचला, सरांनी घड्याळ पाहिलं, आणि मी सही केली. घरी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “आगं, न्हाय म्हनायला काय पैसं पडत्यात व्हय?” मला पडतात, काय करू.

सहा महिने सातशे कापले गेले. पैशांचं दुःख होतं, नाही असं नाही. पण रजिस्टरात कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ लिहिलं होतं ते जास्त लागलं. मी नळ्या परत धुणारी बाई आहे.

ऋतुजा बारावी झाली. आता पुण्यात गणित शिकते. निकालाच्या दिवशी भेटायला आली तेव्हा मी विचारलं, रसायन का नाही घेतलंस, तुला तर आवडायचं. म्हणाली, “मावशी, गणितात पाणी लागत न्हाय.” आणि हसली. मी नाही हसले. तो प्रश्न तिला कुणीच सोडवून दिला नव्हता, म्हणून ती जिथं स्वतः सोडवता येतं तिथं गेली.

प्रमुख सरांची बदली झाली, बढतीवर. यंदा माझं काम थांबलं. थांबताना, काही देणं बाकी नाही असा दाखला लागतो. तो द्यायला रसायनाच्या नव्या बाईंनी जुनं रजिस्टर उघडलं. तिशीतल्या असतील. बोट एका ओळीवर थांबलं.

“मावशी, सिल्व्हर नायट्रेट उजेडात ठेवलंत? तुम्ही?”

त्या ‘तुम्ही’मध्ये असं काही होतं की माझं तोंड उघडलं. बेसिनचा नळ चालू होता, तो बंद करायचंही सुचलं नाही. कॅन, ब्युरेट, गाळ, पाच गुण, सगळं सांगितलं. अकरा वर्षांत मी एवढं बोलले नव्हते. बाईंनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, “हे लिहून द्या.”

“मला लिवता येत न्हाय बाई, चौथीच झाली.”

“मग चौथीचं लिहा.”

तो माझा पहिला अर्ज. आठ दिवस लागले. कार्यालयातल्या क्लार्कनं तो दोनदा परत केला. पहिल्यांदा म्हणाले विषय लिहिलेला नाही, दुसऱ्यांदा म्हणाले, “कशाला जुनं उकरता मावशी, पैसे द्यायचे तर देतील, कारण कशाला पाहिजे?” मी म्हटलं, कारणच पाहिजे. हे मी मोठ्यानं म्हटलं, कार्यालयात चार माणसं होती. तिसऱ्यांदा अर्ज घेतला. मग पाच महिने काही नाही. बाई दर आठवड्याला विचारत राहिल्या.

परवा बोलावलं. पावतीवर कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं होतं. मी एकेक अक्षर लावून वाचलं, क्लार्कनं घड्याळ पाहिलं तरी वाचलं. ‘सदर रसायन पाण्याच्या तपासणीसाठी वापरले होते. परीक्षेस पुरवलेले पाणी अयोग्य होते. वसुली चुकीची असल्याने रक्कम परत.’ खाली सही आणि शिक्का. पाणी अयोग्य होतं, म्हणजे आठ पॉइंट सात बरोबर होतं. तिच्या गुणपत्रिकेवर ते कुणी लिहिणार नाही, कृपागुण तसेच राहणार. पण सरकारी कागदावर एका ठिकाणी तरी आलं.

बाईंनी पावतीचा फोटो काढून ऋतुजाला पाठवला. थोड्या वेळानं तिचा फोन आला. बाईंनी फोन माझ्या कानाला लावला.

“मावशी, वाचलं.”

पलीकडं कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“मावशी, ऐकताय ना?”

“तुजं बरुबर हुतं,” मी म्हटलं.

मग क्लार्कनं खिडकीतून पैसे दिले. मी तिथंच उभं राहून मोजले. मागं दोन माणसं थांबली होती, थांबू दिली. चार हजार दोनशे, पूर्ण.